वीस अँपिअर-तास

मल्लेश शिवानंद माळगे आमच्या राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आला तो २ जून १९९६ रोजी, रविवारी. त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिलं आहे: ‘वरची खोली दिली. कुरुंदवाडचा, वय एकतीस, लग्न झालेलं नाही. सामान: एक वळकटी, एक स्टोव्ह, अकरा खोकी. खोक्यांत काय आहे विचारलं, तर म्हणाला, आवाज.’

थट्टा करतोय असं मला वाटलं. पण आठवड्याभरात गच्चीवर दोन बांबू उभे राहिले, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली गेली आणि वरच्या खोलीतून खरखर ऐकू येऊ लागली. मधूनच त्या खरखरीतून कुणाचा तरी आवाज वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. मल्लेश सरकारी परवाना असलेला हौशी वायरलेसवाला होता. अशा लोकांना हॅम म्हणतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. दिवसा उद्यमनगरातल्या दुकानात तो रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करायचा. फौंड्रीतल्या भट्टीचं पॅनेल बिघडलं तर तिथूनही त्याला बोलावणं यायचं. त्याचा जीव मात्र वरच्या खोलीत असायचा.

शेजारच्या आक्कांनी एकदा त्याच्या तारेवर गोधडी वाळत घातली. मल्लेश गच्चीवरून ओरडला, “आक्का, काढा ती! तुमच्या गोधडीखाली माझी श्रीलंका गेली की ओ!”

“जाऊ दे की! श्रीलंका परत येती, गोधडी भिजली तर वाळंल का?” आक्कांनी खालून उत्तर दिलं.

आमचं दोघांचं जमलं ते लिहिण्यामुळे. हॅम मंडळींना कुणाशी बोललो, किती वाजता, किती वॅटवर, हे सगळं लॉगबुकात लिहावं लागतं. मी वयाच्या बाराव्या वर्षापासून डायरी लिहिते. मिशनच्या शाळेतल्या सिस्टर तपासायच्या म्हणून सुरू झालं, ते राहिलंच. मल्लेश संध्याकाळी खाली यायचा, माझ्या यजमानांजवळ बसायचा आणि मला म्हणायचा, “काकू, आज काय लिवलं? माझं नाव हाय का?”

“आहे. शिडी जागेवर ठेवली नाही म्हणून.”

यजमान म्हणजे विजयसिंह. तरुणपणी ते पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचे, बचावाला. १९९८च्या जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे राहिले. त्यांच्यासाठी मल्लेशनं एक छोटा इन्व्हर्टर बनवून दिला, म्हणजे वीज गेली तरी त्यांचा पंखा चालावा. इन्व्हर्टर आणि त्याची जुनी बॅटरी जिन्याखाली होती. शेजारीच मल्लेशची स्वतःची बॅटरी असायची. चाळीस अँपिअर-तासांची, नवी, अंगावर लाल रंगाचा पट्टा ओढलेली. “लाल पट्टा फकस्त वायरलेसला,” असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अँपिअर-तास म्हणजे काय, ते त्यानं मला टाकीतल्या पाण्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं. बॅटरी ही टाकी. चाळीस अँपिअर-तास म्हणजे टाकीत चाळीस घागरी आहेत असं समजा. ऐकायला तासाला अर्धी घागर पुरते. बोलायला लागलं की तासाला दहा-अकरा घागरी जातात, कारण बोलताना अँप्लिफायर चालतो. ऐकायला फार वीज लागत नाही, बोलायला लागते, हे त्याचं वाक्य मी तेव्हाच डायरीत उतरवून ठेवलं होतं. पुढे त्याचा अर्थ इतका वाढेल असं वाटलं नव्हतं.

अँप्लिफायर त्यानं स्वतः जोडलेला होता. पाठीला अॅल्युमिनियमचा पंख-पंख असलेला ठोकळा होता आणि बोलणं चालू असलं की तो इतका तापायचा, की मल्लेश त्यावर चहाचा ग्लास ठेवायचा.

“शंभरातली अठ्ठेचाळीस वीज तारंवर जाती, काकू,” तो सांगायचा. “बावन्नाचा शेक.”

“म्हणजे निम्म्याहून जास्त वाया?”

“वाया कुठं? चा गरम ऱ्हातोय की. आणि तुमच्या शाळंत पस्तीसला पास करत हुते न्हवं? मग अठ्ठेचाळीसला नावं का?”

त्याचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते जोतीरामशी. जोतीराम त्याचा कुरुंदवाडच्या शाळेतला मित्र. आता नृसिंहवाडीच्या पलीकडे नदीकाठच्या एका लहान गावात मास्तर होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. मल्लेशनंच त्याला परीक्षेला बसवलं होतं, परवाना काढायला लावला होता, यंत्र जोडून दिलं होतं. रोज सकाळी सात वाजता दोघे बोलायचे. वरून मल्लेशचा मोठा आवाज आणि खरखरीतून जोतीरामचा बारीक आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत यायचा. बोलणं संपताना जोतीराम नेहमी एकच म्हणायचा, “निघतो मल्ल्या. येऊन बोलतो.”

३ जुलै १९९८, शुक्रवार. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मल्लेश दुपारी चारला लाल पट्ट्याची बॅटरी पूर्ण भरून गेला. तशी लॉगबुकात नोंद आहे. तो पाणी किती चढतंय ते बघायला राजाराम बंधाऱ्याकडे गेला होता आणि उशिरा येणार होता. संध्याकाळी ७.३५ला सगळ्या गल्लीची वीज गेली. आठ वाजता विश्वचषकातला फ्रान्स आणि इटलीचा सामना होता. सहा महिन्यांत विजयसिंहांनी डाव्या हाताने बोट दाखवून मागितलेली ती एकच गोष्ट. मी टीव्ही इन्व्हर्टरला जोडला. ८.५० वाजता जुनी बॅटरी संपली आणि पडदा बारीक होत होत मिटला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जिन्याखाली गेले, कंदील धरला, लाल चिमटा लालला, काळा काळ्याला लावला. सामना चालू झाला.

दहाला संपेल असं वाटलं होतं. पण एकही गोल झाला नाही. जादा वेळ दिला, त्यातही झाला नाही, आणि शेवटी पेनल्टी झाल्या. १०.४० वाजता मी चिमटे काढून लाल पट्ट्याची बॅटरी होती तशी ठेवली. मल्लेशनं ती ज्या फडक्यानं झाकली होती, ते फडकंही होतं तसंच टाकलं.

सकाळी पाच वाजता जाग आली ती त्याच्या आवाजानं. बॅटरी वर नेऊन तो बसलाही होता. वीज अजून आली नव्हती, फोनही बंद पडले होते. रात्रीत नदी बरीच चढली होती, आणि बंधाऱ्यावरचे आकडे तो खालच्या गावांतल्या दोघा-तिघा हॅम मंडळींना कळवत होता. सहा वाजता मी चहा घेऊन वर गेले. सांगायचंच ठरवलं होतं. कानाला हेडफोन, एका हातानं गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा धरलेला, दुसऱ्या हातानं लिहिणं चालू. त्यानं नुसता ग्लास ठेवा अशी खूण केली. मी ग्लास त्या तापलेल्या ठोकळ्यावर ठेवला आणि खाली आले. नंतर सांगू असं म्हटलं. असली वाक्यं डायरीत लिहिली जात नाहीत, पण मला ते आठवतं.

दहाला दहा कमी असताना त्याची ओरड ऐकली आणि मी पुन्हा वर गेले. स्पीकर चालू होता. जोतीरामचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. गावात एक बाळंतीण अडली होती, तिला नावेतून पलीकडे न्यायचं होतं, आणि तो विचारत होता, “मल्ल्या, बंधाऱ्यावर पाणी थांबलंय का चढतंय? थांबलं असंल तर आत्ता निघतो. सांग.”

पाणी चढत होतं. आकडा मल्लेशसमोर कागदावर होता. त्यानं बटण दाबलं. यंत्रातला दिवा पिवळा झाला, आत काहीतरी खट् झालं आणि सगळं गप्प. बटण सोडलं की पुन्हा जोतीराम.

“मल्ल्या, ऐकू येईना. परत सांग.”

दाबलं. खट्. सोडलं.

“तुझं काय येत न्हाय बघ. माझं येतंय का?”

येत होतं. प्रत्येक शब्द येत होता. मल्लेश बटण दाबून “थांब, थांब, जोत्या, थांब” म्हणत राहिला, यंत्रात नाही, नुसता खोलीत.

“खालची बॅटरी?” त्यानं मला विचारलं.

“ती काल संध्याकाळीच उतरली,” मी म्हणाले. ते खरं होतं.

तो तसाच पावसात उद्यमनगराकडे धावला. एका गॅरेजचं दार ठोकून बॅटरी आणायला त्याला पस्तीस मिनिटं लागली. त्या पस्तीस मिनिटांत वर मी एकटी होते. जोतीरामचा आवाज आणखी एकदाच आला. “बरं. निघतो मल्ल्या. येऊन बोलतो.”

नाव उलटली. बाळंतीण आणि तिची सासू झाडाला धरून वाचल्या. नावाडी आणि जोतीराम सापडले ते तिसऱ्या दिवशी, बरेच खाली.

आठ दिवसांनी मल्लेश खाली आला. विजयसिंह पलंगावर होते, मी त्यांना भरवत होते. तो दारातच उभा राहिला. “काकू, एक इचारतो. लाल पट्ट्याला कुणी हात लावला न्हवता न्हवं?”

विजयसिंहांचे डोळे माझ्याकडे वळले.

“मी कशाला हात लावू?” मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही, नुसता प्रश्न केला, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. सिस्टरांसमोर ते चाललं नसतं. विजयसिंह ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांना बोलता येत असतं तर त्यांनी सांगितलं असतं याबद्दल मला शंका नाही. शेवटचे तीन महिने ते माझ्याकडे बघायचे ते तसंच.

त्यानंतर मल्लेशच्या आयुष्यात एकच काम उरलं. चाळीस घागरी भरून ठेवल्या होत्या. लॉगबुकातल्या नोंदींवरून त्यानं किती वेळ ऐकलं, किती वेळ बोलला याची बेरीज केली. ती पंधरा-सोळाच्या वर जात नव्हती. बॅटरी थोडी कमजोर धरली तरी आणखी दीड-दोन तास बोलता यायला हवं होतं. मग वीस अँपिअर-तास कुठे गेले? बॅटरी त्यानं तीनदा भरून तपासली, ठणठणीत निघाली. मग राहिला अँप्लिफायर. आपणच जोडलेल्या यंत्रानं त्या दिवशी अठ्ठेचाळीसाऐवजी वीस-पंचवीस टक्केच बाहेर दिलं, बाकीचं पोटात जाळलं, अशी त्याची खात्री झाली. ते कसं जाळलं, तेवढं सापडत नव्हतं. जुना अँप्लिफायर त्यानं फळीवर ठेवला आणि महिन्यातून एकदा उतरवून मोजायचा. दर वेळी अठ्ठेचाळीस.

“आज सरळ वागतंय बघा, काकू,” तो म्हणायचा. “त्या दिवशीच काय धाड भरली हुती?”

एकदा पावसाळ्यात त्यानं त्यावर ओली गोणपाटं टाकून मोजलं. त्या दिवसासारखी हवा करतोय, म्हणाला. अठ्ठेचाळीस. मी जिन्यात उभी राहून बघत होते.

दुसरीकडे तो नवे अँप्लिफायर जोडत होता, एकापेक्षा एक कमी तापणारे. माझ्या डायरीत ते आकडे शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे पडले आहेत. १९९९, पंचावन्न. २००१च्या मार्चमध्ये त्रेसष्ट. मग दीड वर्ष काहीच नाही, नुसता जळलेल्या ट्रान्झिस्टरचा वास. भंगारातल्या कॉम्प्युटरमधून तो ट्रान्झिस्टर काढून आणायचा आणि संध्याकाळपर्यंत दोन-तीन उडवायचा. नवी रीत त्यानं मला उसाच्या शेतातलं उदाहरण देऊन समजावली. त्याच्या वडिलांबरोबर लहानपणी त्यानं उसाला पाणी पाजलं होतं.

“दारं मोडायचं म्हंजे बघा, एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत फिरवायचं. पाण्याचा लोट अंगावर असताना फावडं घातलं तर बांध वाहून जातोय, निम्मं पाणी रस्त्यावर. लोट निवू द्यायचा, दोन्हीकडं पाणी सारखं झालं की मग फावडं घालायचं. एक थेंब सांडत न्हाय. ट्रान्झिस्टरचं बी तसंच. दाब हाय तवर त्यानं दार उघडायचं न्हाय. दाब आपसूक शून्यावर आला की उघडायचं. मग तापायला काय उरतच न्हाय.”

“आणि हे तू सेकंदातून किती वेळा करणार?”

“सत्तर लाख वेळा,” तो म्हणाला. “म्हणून तर उडत्यात!”

तो हसला. जोतीरामनंतर तो हसल्याची डायरीत चारच ठिकाणी नोंद आहे, त्यातलं हे एक.

पण रोज सकाळी दहाला दहा कमी झाले की तो नवं यंत्र बाजूला सारायचा. जुन्या रेडिओचा काटा जोतीराम ज्या जागी बोलायचा तिथे लावायचा आणि दहा मिनिटं नुसती खरखर ऐकायचा. दुकान त्यानंतर उघडायचा. एकदा मी विचारलं, काय ऐकतोस?

“येऊन बोलतो म्हणाला हुता,” तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

ती खरखर माझ्याही कानात बसली. स्वयंपाकघरात हात थांबायचे. कधी कधी खरखरीत एखादा चढ-उतार यायचा आणि मला स्पष्ट वाटायचं, “माझं येतंय का?” वर मल्लेशच्या खुर्चीचा आवाज व्हायचा, म्हणजे त्यालाही तसं वाटलेलं असायचं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जायचे. आज सांगू. मग दहा वाजायचे, रेडिओ बंद व्हायचा, तो खाली उतरून “येतो काकू” म्हणून जायचा. सात वर्षं असंच.

या काळात त्यानं जोतीरामच्या मुलीला, स्वप्नालीला, वायरलेस शिकवलं. बाप गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिनं परवाना काढला, आणि बापाच्याच खोलीत, बापाच्याच टेबलावर मल्लेशनं तिला यंत्र लावून दिलं. पहिल्या दिवशी ती बोलली तेव्हा मी वर होते. “मल्लेशकाका, ऐकू येतंय का?” मल्लेशनं बटण दाबायला इतका वेळ लावला, की तिनं दोनदा विचारलं.

१९ मे २००५ : ‘सत्त्याऐंशी टक्के. मल्लेशनं चहाचा ग्लास ठोकळ्यावर ठेवला. दहा मिनिटांत चहा निवला. तो ग्लासाकडे बघत बसला.’

त्याच वर्षी जुलैअखेर महापूर आला. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, मी वरच्या खोलीपुरतंच लिहिते. वीज गेली, फोन गेले, मोबाइलही मुके झाले. मल्लेशजवळ एकच मध्यम आकाराची बॅटरी होती. रस्ते बंद, दुसरी मिळण्याची आशा नव्हती. तो तीन दिवस खुर्चीवरून उठला नाही. कुठल्या गावात किती माणसं अडकली, कुणाला औषध हवं, कुठे नाव पोहोचली नाही, हे सगळं त्याच्या तोंडून पुढे जात होतं. मी चहा न्यायचे आणि ठोकळ्यावर न ठेवता त्याच्या हातात द्यायचे. ठोकळा थंड होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर स्वप्नालीचा आवाज आला. “काका, पाणी सोप्यात शिरलंय. पिराजीमामा नाव घेऊन आल्यात. आई म्हणती निघूया. निघू का?”

मल्लेशनं बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मला लिहून दाखवता येणार नाही. मग दाबलं. दिवा तसाच राहिला, पांढरा.

“निघू नगंस. पाणी अजून चढतंय. नाव परत पाठव. माळ्यावर जा, आईला घे, बॅटरी घे, मी हितं हाय. ऐकू आलं का?”

थोडी खरखर. मग ती म्हणाली, “आलं, काका. थांबतो.”

मायलेकी माळ्यावर एकवीस तास थांबल्या. दर तासाला तो तिच्याशी बोलत होता. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या बोटीनं त्यांना काढलं. बॅटरीत तेव्हाही शिल्लक होती. त्यानं मोजली.

आता हा सुटला, असं मला वाटलं.

१० ऑगस्टला पाणी ओसरल्यावर तो खाली येऊन विजयसिंहांच्या रिकाम्या पलंगावर बसला. “काकू, यंत्र चाललं.”

“चाललं की.”

“पण ते का बंद पडलं, ते कळलं न्हाय.” त्यानं खिशातून तोच जुना कागद काढला, घड्या पडून फाटायला आलेला. “ह्यात तोटा कमी म्हणून हे चाललं. त्यात तोटा जास्त म्हणून ते बंद पडलं, एवढंच असतं तर मी गप बसलो असतो. पण वीस जुळत न्हाईत. कुठंतरी माझ्या हातनं काय झालंय. मी जोत्याला काय करून मारलं, ते तरी कळाया नगो?”

मी उठले. कपाटातून १९९८ची डायरी काढली, ३ जुलैचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. माझं अक्षर शाळेतल्या वळणाचं, स्पष्ट आहे. त्याला वाचायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तो पुन्हा पुन्हा वाचत होता.

‘७.३५ वीज गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही व यांचा पंखा. ८.५० घरची बॅटरी उतरली, लाल पट्ट्याची लावली. ०–०. जादा वेळ. पेनल्टीवर फ्रान्स ४–३. १०.४० लाल पट्ट्याची जागेवर. हे पुष्कळ दिवसांनी हसले.’

“टीव्ही सत्तर वॅट,” तो पुटपुटला. “पंखा पन्नास. इन्व्हर्टर खातोय ते. पावणेदोन तासांच्या वर.” त्यानं कागदावर आकडे मांडले. “एकवीस.” मग म्हणाला, “जुळलं.”

मी उभीच होते. बाहेर कुणीतरी गाळ ओढत होतं, त्या खराट्याचा आवाज येत होता.

“साहेब हसले हुते?” त्यानं विचारलं.

“हो.”

“बॅटरीचं काय न्हवतं ओ, काकू. साहेबांसाठी मीच लावून दिली असती.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “पण सकाळी सांगायचं की. चा घेऊन आला तवा. सहाला सांगितलं असतं तर मी सातापर्यंत दुसरी आणली असती.”

आवाज चढवला नाही. डायरी मिटून त्यानं पलंगावर ठेवली, विजयसिंहांचं उशाचं टोक असायचं तिथे, आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी दहाला दहा कमी असताना मी स्वयंपाकघरात थांबले. वरून खरखर आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. दिवाळीनंतर त्यानं बांबू उतरवले, तार गुंडाळली आणि अकरा खोकी घेऊन तो कुरुंदवाडला गेला. जाताना वाकून नमस्कार केला. “येतो काकू” म्हणाला नाही. मी चार पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

२००८च्या सप्टेंबरात मल्लेश हृदयविकारानं गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. पंधरा दिवसांनी स्वप्नाली माझ्याकडे आली. पिशवीत त्याची लॉगबुकं होती, आणि जुना रेडिओ.

“काकांनी सांगून ठेवलं हुतं, आजी. ह्या वह्या तुमच्याकडं द्यायच्या. तुम्हाला लिवलेलं नीट ठेवता येतंय म्हणाले.”

ती गेल्यावर मी ४ जुलै १९९८चं पान काढलं. खाली, नंतर कधीतरी, वेगळ्या शाईनं एक ओळ लिहिली होती: ‘लाल पट्ट्याची बॅटरी आदल्या दिवशी १ तास ५० मिनिटे इतर कामासाठी वापरली गेली. अँप्लिफायरमध्ये दोष नव्हता.’

इतर कामासाठी. कुणी वापरली, ते लिहिलेलं नव्हतं. सगळं पान मी भिंगाखाली धरून बघितलं. माझं नाव कुठेच नाही.

मग शेवटची वही उघडली. मला वाटलं होतं की त्यानं ऐकणं सोडलं. कुरुंदवाडला गेल्या दिवसापासून, पानामागून पान, रोजची एकच नोंद होती, अगदी मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत: ‘९.५० ते १०.००. ऐकलं. काही नाही.’ आकडा जुळल्यानंतरही. तीन वर्षं, एकही दिवस चुकवलेला नाही.

रेडिओ मी विजयसिंहांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला आहे. काटा त्यानं जिथे ठेवला होता तिथेच आहे, मी हलवत नाही. बोलायचं यंत्र माझ्याजवळ नाही, परवानाही नाही. रोज दहाला दहा कमी झाले की मी काम थांबवते आणि बसते. जोतीरामचा आवाज मी कधीही ओळखेन. आता खरखरीत दुसराही एक आवाज ओळखू येतो का, ते बघते.

दहा वाजले की बंद करून डायरीत लिहिते. ऐकायला फार वीज लागत नाही.